झेडपी शाळेत शिक्षक लागला की पहिल्या दिवसापासून पूर्ण पगार मिळतो का?

नाही हो, हा गैरसमज लय लोकांना आहे. आधी डीएड किंवा बीएड, मग टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा पास, मग भरतीसाठीची २०० मार्कांची वेगळी अभियोग्यता परीक्षा, म्हणजे टेट, तिच्या स्कोरवर पवित्र पोर्टलला, म्हणजे शिक्षक भरतीच्या सरकारी वेबसाइटला, प्रेफरन्स भरायचे, आणि एवढं सगळं होऊन ऑर्डर हातात आली तरी पहिली तीन वर्षं तुम्ही शिक्षणसेवकच, म्हणजे पगार नाही, फिक्स मानधन. प्राथमिकला महिना १६ हजार. २०२३ च्या आधी तर ६ हजारच होतं, विचार करा!

माझी बहीण सध्या यातच आहे, गाव डोंगरात, रूमभाडं आणि स्कूटीचं पेट्रोल गेलं की हातात काय उरतं ते विचारू नका, महिनाअखेरीला किराणा अजून आईच पाठवते. काम मात्र पर्मनंट गुरुजींएवढंच, खिचडीचा हिशोब, ऑनलाइन माहिती, दोन वर्ग एकत्र, सगळं. हे मला तरी बरोबर वाटत नाही.

तीन वर्षं झाली की नियमित वेतनश्रेणी लागते, मूळ पगार २९,२०० पासून सुरू आणि वर महागाई भत्ता वगैरे, म्हणजे तिथून पुढं बरं आहे. पण टेटचा भरवसा नाही, २०१७ नंतर थेट २०२३ ला झाली, मधल्या काळात किती जणांचं वय गेलं. ट्रेनिंग म्हणाल तर केंद्रावर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, शिक्षकांची बैठक असते, तिला शिक्षण परिषद म्हणतात, त्यात शिकणं कमी आणि फॉर्म भरणंच जास्त, असं बहीण म्हणते.