पोट दुखतं, पण शाळेच्याच दिवशी

प्रश्न : माझी मुलगी १० वर्षांची आहे. महिनाभर शाळेची वेळ झाली की तिचं पोट दुखतं. डॉक्टरांनी तपासलं, सगळं नॉर्मल. सुट्टीच्या दिवशी काहीच नसतं. धाकट्या भावावर सारखी खेकसते, रात्री दिवा बंद करू देत नाही. काय झालं विचारलं, की "काही नाही." हे म्हणतात, नाटकं आहेत, दुर्लक्ष कर. करू का?
– एक आई

उत्तर : मुळीच नको. आणि यजमानांना सांगा, पोट खरंच दुखतंय. मनावर ताण आला की आतड्यांची हालचाल बदलते, ती हळवी होतात. रिपोर्टमध्ये हे दिसत नाही. सुट्टीला दुखत नाही म्हणजे शोध शाळेच्या बाजूने घ्यायचा, एवढंच. या वयात उदास मूल रडेलच असं नाही, चिडचिड करतं. भाऊ बिचारा हाताशी सापडतो.

"काय झालं?" याचं उत्तर मोठ्यांनाही पटकन देता येत नाही. समोर बसवून उलटतपासणी नको. कपड्यांच्या घड्या घालताना, बरोबर चालताना, नजरेला नजर नसली की मुलं बोलतात. प्रश्न छोटा ठेवा : मधल्या सुट्टीत कुणाजवळ बसतेस? कुठल्या तासाला पोटात जास्त कालवतं? माझ्याकडे आलेला एक मुलगा यावर चटकन म्हणाला, "खेळाच्या. टीम पाडताना मीच शेवटी उरतो." आईवडील तोवर गणिताची शिकवणी शोधत होते!

ती बोलली, की ऐकून घ्या. "मग तू गप्प का बसलीस?" हे तर अजिबात नको.

शाळा मात्र बुडू देऊ नका. घरी राहिलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, दुसऱ्या दिवशी भीती वाढलेली असते. वर्गशिक्षकांशी बोलून हवं तर सुरुवातीला अर्धा दिवस पाठवा. कुणी छळत असेल, तर आधी तो छळ थांबवायचा, आणि ते काम मोठ्यांचं.

दुखण्याने रात्री जाग येऊ लागली, वजन घटलं, उलट्या झाल्या किंवा शौचावाटे रक्त गेलं, तर पुन्हा डॉक्टरांकडे जा. खेळ-मैत्रिणी सुटल्या आणि दोन आठवडे तसंच राहिलं, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. "मी नसलेलीच बरी" असं काही बोलली, तर सरळ विचारा : मरून जावंसं वाटतं का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाली, तर तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी तज्ज्ञांकडे न्या.