चंद्राला ओवाळणाऱ्या ताई

"आमचं वैर आहे हो. नऊ वर्षं झाली. आता लेकीचं लग्न ठरलंय, मामा म्हणून कुणाला उभं करू?"

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच ताईंनी हे विचारलं. सातारा जिल्ह्यातलं गाव, वय पन्नाशीच्या पुढचं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि त्यांना विचारूनच लिहिते आहे. कारण हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. सख्ख्यांशी वर्षानुवर्षं बोलणं बंद, घरात कार्य निघालं, आता काय करायचं, हे मला लग्नसराईच्या तोंडावर दर वर्षी ऐकू येतं.

मी म्हटलं, "वैर आहे म्हणजे काय काय होतं तुमच्यात?"

त्या गोंधळल्या. मारामारी? नाही. शिवीगाळ, धमक्या? छे. कोर्टकचेरी? नाही. त्याच्या घरचं कुणी आजारी पडलं तर बरं वाटतं का? त्या एकदम ताठ झाल्या. "असं कसं वाटेल? भाचा अ‍ॅडमिट होता तेव्हा मी जेवले नव्हते दोन दिवस."

मग घडलेलं सांगितलं. वडील गेले आणि महिन्याच्या आतच भावानं त्यांना तालुक्याला नेलं. हक्कसोडपत्र तयारच होतं. "ताई, इथं कर सही," म्हणून त्यानं कागदावर बोट ठेवलं. "मुंडण केलेल्या डोक्यावर त्याचे नुकते केस उगवत होते. ते बघितलं आणि माझ्या तोंडून शब्दच फुटेना. केली सही. मागितलं असतं तर दिलं असतं मी. विचारलंच नाही त्यानं." त्या दिवाळीला त्या माहेरी गेल्या नाहीत, तोही आला नाही.

"मग भाऊबीजेला काय करता?"

"चंद्राला ओवाळते."

ज्यांना भाऊ नाही त्यांनी चंद्राला ओवाळायचं, ही आपल्याकडची रीत. या बाईला पाठचा भाऊ आहे, वीस किलोमीटरवर आहे. बीजेची कोर जेमतेम घटकाभर दिसते. शेजारच्या पत्र्याआड ती जायच्या आत गाठायची म्हणून त्या दुपारपासूनच निरांजन घासूनपुसून तयार ठेवतात. ज्याच्याशी वैर आहे त्याच्या वाटणीची वात कुणी असं जपत नाही. मी त्यांना तसं सांगितलं. त्या बराच वेळ रडल्या.

शब्दांबद्दल मी आग्रही आहे, कारण शब्द ठरला की माणूस त्याप्रमाणे वागायला लागतो. त्यातही क्रियापद मी कान देऊन ऐकते. भांडण होतं आणि मिटतं. कुरबूर, धुसफूस चालू असते. वितुष्ट येतं, तेढ पडते, जणू त्यात कुणाचा हातच नसतो. अबोला मात्र धरावा लागतो, आणि धरलेला असतो म्हणूनच तो सोडता येतो. वैरही धरतात, पण पुढे ते साधतात, आणि साधायचं म्हणजे समोरच्याचं नुकसान करायचं. हाडवैर म्हटलं की विषयच संपला, ते हाडात गेलं. 'दावा' हा अरबीतून आलेला शब्द, मूळ अर्थ हक्क सांगणं. मराठीत उभा दावा मांडला म्हणजे शत्रुत्वच. हक्क मागणं म्हणजे शत्रुत्व करणं, ही समजूत आपल्या बोलण्यात किती खोल रुतली आहे ते यात दिसतं, आणि तिची सगळ्यात जास्त झळ बहिणींना बसते. हिंदू वारसा कायद्यातली २००५ची दुरुस्ती आणि सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०२०चा निकाल यांनी वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मापासून हक्क दिला. तरी हिस्स्याचं नाव काढलेल्या बहिणीबद्दल अजून म्हणतात, "भावावर उलटली."

ताईंच्या घरात प्रत्येकाचा शब्द वेगळा होता. यजमान म्हणत छत्तीसचा आकडा. ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसलेले, ते चित्र तरी बरोबर होतं. चुलते म्हणत भाऊबंदकी, "ती काय घरोघरी असते." आणि भाऊ? नात्यातल्या एकाच्या मध्यस्थीनं मी त्यांच्याशी फोनवर बोलले तेव्हा ते सहज म्हणाले, "भांडण कुठंय मॅडम? ताई रुसलीय."

मला हा शब्द वैराइतकाच घातक वाटला. रुसवा काढायचा असतो, एखादी साडी देऊन, थोडी मनधरणी करून. त्यात रुसणाऱ्याचं काही खरं असू शकतं याला जागाच नाही. बहीण वैर म्हणून दार बंद करत होती आणि भाऊ रुसवा म्हणून दारापर्यंत येतच नव्हता.

पुढच्या भेटीत ताईंनी स्वतःच शब्द शोधून आणला. "अबोला आहे आमचा. आणि मनात अढी आहे. आंब्याची अढी घालतो ना आपण पेंढ्यात, तशी. झाकून ठेवली की आतल्या आत ऊब धरते."

मग काय करायचं ते सोपं नसलं तरी दिसायला लागलं. अबोला सोडायचा, पण अढी झाकून नाही. "झालं गेलं गंगेला मिळालं" हे मी कुणालाही सांगत नाही. लग्नापुरतं गोड बोलून घ्या, हेही नाही. कागदाचं काय करता येईल ते वकिलाला विचारायला मी त्यांना वेगळं पाठवलं, कारण ते माझं काम नव्हे. आणि जिथे मारहाण आहे, जिवाची भीती आहे, तिथे मी अबोला सोडा म्हणत नाही. तिथे आधी सुरक्षित अंतर आणि पोलीस.

फोनवर काय बोलायचं ते ताईंनी वहीत लिहून काढलं. तीनदा खोडलं. शेवटी एवढंच उरलं: "पोरीचं लग्न ठरलंय. तू मामा म्हणून उभा राहावास असं मला वाटतं. आणि त्या सहीबद्दल मला तुझ्याशी बोलायचंय, लग्नानंतर, पण बोलायचंय."

पलीकडे खूप वेळ काही आवाज नव्हता, असं त्या सांगत होत्या. मग भाऊ म्हणाला, "पिवळी साडी घेतली नाहीस ना अजून? ती मामाची असते."

मुलीला बोहल्याकडे त्यानंच आणलं. सहीचं बोलणं लग्नानंतर दीड महिन्यानं सुरू झालं आणि ते काही गोड नाही. परवा ताई आल्या होत्या, आवाज बसलेला. मी विचारलं, आता काय म्हणायचं याला?

"वाद चाललाय," त्या म्हणाल्या. "काल तासभर चालला फोनवर. रविवारी येतोय तो, सातबारा घेऊन."