‘० = १०’ आलं म्हणजे मुलगी चुकलीच का?

‘घरी सगळं येतं, पेपरात हात थांबतो.’ गणितासाठी माझ्याकडे येणारे पालक बहुतेक वेळा हेच सांगतात. इंदूरच्या रामबागेतल्या त्या आईचंही तेच म्हणणं होतं. मुलगी दहावीत, सीबीएसईला. छमाहीत दोन चलांच्या समीकरणांचे प्रश्न तिनं अर्धवट सोडले होते. ‘ताई, हिला गणिताचा फोबिया तर नाही ना?’

अशा वेळी गुणांच्या आधी मी वही बघते. पानं खोडरबरानं विरली होती. खोडलं होतं ते ठरावीक जागीच: उत्तर अपूर्णांकात यायला लागलं की, नाहीतर एक्स आणि वाय दोन्ही एकदम उडाले की. तिथवर एकही पायरी चुकलेली नव्हती! ‘मावशी, दोन्ही गेले आणि ० = १० उरलं. म्हणजे माझं चुकलंच ना?’

एका चलाचा लोप करणं, म्हणजे एक्स किंवा वाय यांपैकी एक उडवणं, तिला छान जमत होतं. समीकरण काय सांगतं, हे मात्र तिला कुणी विचारलंच नव्हतं. मग आम्ही बिलं मांडली. २ प्लेट पोहे आणि ३ प्लेट जिलेबी, १२० रुपये. त्याच दुकानात, त्याच भावानं ४ प्लेट पोहे आणि ६ प्लेट जिलेबी, २५० रुपये. ‘असं कसं? दुप्पट घेतलं तर २४० व्हायला हवेत!’ ती पटकन म्हणाली. पहिलं समीकरण दुप्पट करून वजा केलं की हेच कागदावर ० = १० म्हणून उतरतं. दोन्ही बिलं खरी ठरवणारा भावच नाही. आलेखावर या दोन समांतर रेषा. उकल नाही, हेच इथलं उत्तर. दुसरं बिल २४० चं केलं तर ० = ० येतं. ते बिल नवं काही सांगतच नाही. पोहे ३० आणि जिलेबी २० चालेल, पोहे १५ आणि जिलेबी ३० सुद्धा. उकली अगणित, रेषा एकच.

अपूर्णांकासाठी तिला पडताळणीची सवय लावली. आलेल्या किमती दोन्ही मूळ समीकरणांत घालायच्या. एकातच घालून भागत नाही, कारण ज्या समीकरणातून वाय काढला त्यात चुकीचा एक्सही बेमालूम बसतो. आपलं बरोबर आहे की नाही हे आता तिचं तिलाच कळायला लागलं, आणि खोडणं हळूहळू थांबलं.

आईला एवढंच सांगितलं: ‘खोड आणि परत कर’ म्हणू नका. बोर्डात पायऱ्यांनाही गुण असतात. खोडलेल्या पायरीला ते कुठून मिळणार? फोबिया हा शब्द तिच्यासमोर नकोच. गणिताच्या आदल्या रात्री झोप उडत असेल, पोट दुखत असेल, किंवा इतर विषयांतही हात थांबत असेल, तर मात्र तिला पुन्हा घेऊन या. मग आपण समीकरणं बाजूला ठेवून बोलू.