घरात काही कमी नाही, मग धंदा कशाला?

"मॅडम, घरात काही कमी नाही. तरी मला धंदा करावासा वाटतोय. माझं काही चुकतंय का?"

माझ्याकडं सल्ल्याला आलेल्या, कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या 42 वर्षांच्या एका बाईंचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) नवरा शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत कायम, मुलं कॉलेजात. अडचणीतली बाई हे विचारायला कधी येत नाही. नवऱ्याची नोकरी गेली, आजारपण निघालं, की ती पोळी-भाजीचे डबे सुरू करते आणि तिला कोणी 'कशाला' म्हणत नाही. कारणं द्यावी लागतात ती बऱ्या घरातल्या बाईला.

कर्ज, लायसन असं बरंच बोलत होत्या. मी विचारलं, "हे पहिल्यांदा कधी वाटलं?" तशा गप्प झाल्या. भाचीच्या बाळाचं बारसं होतं, पैंजण घ्यायचे होते. नवऱ्यानं पैसे दिले, फक्त 'एवढे कशाला?' म्हणाला. "नाही म्हटलं नाही हो त्यांनी. पण मी पावती दाखवायला घेऊन आलो." (आमच्याकडं बायकाही 'आलो-गेलो'च म्हणतात.)

बोलताना त्यांच्या नखांच्या कडा लाल दिसत होत्या. चटणीचे दिवस. ब्याडगी मिरची रंगाला, जवारी तिखटाला, कांदा-खोबरं तळायचं, सगळं डंकावर (चटणी कुटायच्या गिरणीत) न्यायचं. गल्लीतल्या चार-पाच घरांची वर्षाची बेगमी गेली अकरा वर्षं त्याच करून देत होत्या. फुकट. फार तर एखादा ब्लाऊजपीस मिळायचा.

तिसऱ्या भेटीला नवरा आला. "लोक म्हणतील, ह्याला बायको पोसवंना."

"कोण लोक? नावं घ्या."

त्यानं बोटांवर मोजत चार नावं घेतली. बाईंना हसू आवरेना. "अहो, ह्या चौघींच्याच मिरच्या आपल्या गच्चीवर वाळत पडल्यात!" तोही हसला. पटलं असं मात्र म्हणाला नाही.

कर्जाचं मी थांबवलं. मुद्रा योजनेच्या शिशु गटात 50,000 रुपयांपर्यंत विनातारण मिळतं, पण आधी एक हंगाम गाठीच्या पैशांवर करून बघा म्हटलं. एफएसएसएआयची (खाद्यपदार्थ विकायला लागणारी सरकारी) नोंदणी तेवढी करून घ्या, आणि एक वही घाला. मिरची, तेल, गॅस, डंकाचे पैसे, सगळं चोख लिहून आणायच्या. 'माझी मजुरी' हा रकाना तीन आठवडे कोराच. मी मुद्दाम आठवण करून दिली नाही.

पाऊस सुरू झाल्यावर पुन्हा आल्या. रकान्यात किलोला 20 लिहून खोडलेलं, मग 40 खोडलेलं, शेवटी 60. एका नावापुढे मात्र काहीच नव्हतं.

"ही ननंद. तिच्याकडनं कसं घेऊ?"

"नका घेऊ," म्हटलं. "आकडा तेवढा लिहा."