इन्स्टॉलरवरचे आकडे कसे वाचायचे

गेमच्या इन्स्टॉलरवर, म्हणजे गेम कॉम्प्युटरवर बसवणाऱ्या फाइलवर, आवृत्तीचा आकडा असतो. गोंधळू नकोस, सुरुवातीला इथे बरेच जण अडखळतात. आधी एवढं पक्कं कर: १.१० ही आवृत्ती १.९ च्या नंतरची. हा दशांश अपूर्णांक नाही. टिंबाच्या दोन्ही बाजूंचे आकडे वेगवेगळे वाचायचे, म्हणजे नऊनंतर दहा.

फाइलच्या नावातला आकडा कधी गेमचा असतो, कधी नुसत्या इन्स्टॉलरचा. गेम तोच, पॅकिंग नवीन, असंही होतं. खरी आवृत्ती बहुधा मुख्य मेनूच्या कोपऱ्यात दिसते, तीच धर.

नेहमीच्या चुका दोन:
- पॅच (आधीच बसवलेल्या गेममध्ये बदल करणारी फाइल) भलत्याच आवृत्तीवर चढवणं. '१.२ ते १.३' असं लिहिलेला पॅच १.१ साठी नसतो.
- नवीन नीट चालतंय का हे बघायच्या आधीच जुना इन्स्टॉलर उडवणं. सेव्ह फाइल्सचीही (ज्यात तुझी गेममधली प्रगती साठवलेली असते) प्रत काढून ठेव, हे मी कळकळीनं सांगतोय.

बिल्ड नंबर, बीटा वगैरे सध्या राहू दे.