दुकानातला पडदा आणि गिऱ्हाइकाचा नंबर

प्रश्न (नाशिक, साड्यांचे दुकान) : दुकानात जाहिरातीसाठी टीव्ही लावायचा आहे. कोणता घ्यावा? त्यावर काय दाखवावे?

आधी जागा ठरवा. बहुतेक दुकानांत टीव्ही गल्ल्यामागे, छताला टेकून लागतो. गिऱ्हाईक तिथे येते तेव्हा खरेदी उरकलेली असते! गादीवर साड्या बघताना सहज नजर जाईल अशी भिंत निवडा. समोर काचेचा दरवाजा असेल, तर दुपारच्या उन्हात पडद्यावरचे वाचता येते का, तेही पाहून घ्या.

कंपनीची फिल्म फिरवत बसू नका. आज तुमच्याकडे असलेली नारायणपेठ, इरकल, सेमी-पैठणी दाखवा : एका वेळी एकच साडी, ठळक अक्षरांत किंमत, आठ-दहा सेकंद. सुरुवातीला पेनड्राइव्ह पुरतो. आवाज बंदच ठेवा, कारण साडी खपते ती सेल्समनच्या बोलण्यावर. शिवाय दुकानात गाणी वाजवायची तर परवान्याचा प्रश्न येतो. घरगुती टीव्हीच्या वॉरंटीत व्यावसायिक वापर बऱ्याचदा बसत नाही, तेव्हा कार्ड वाचून घ्या. आणि संपलेला माल त्याच दिवशी पडद्यावरून काढा. ‘ती दाखवा’ म्हटल्यावर ‘संपली हो’ ऐकलेली बाई पुन्हा त्या पडद्याकडे बघत नाही.

प्रश्न (कोल्हापूर, चपलांचे दुकान) : बिल करताना मोबाइल नंबर घेतो आणि व्हॉट्सअॅपवर ऑफर पाठवतो. हल्ली लोक नंबर द्यायला कुरकुरतात. सक्ती करावी का?

मुळीच नको. नंबरासाठी अडवणूक करू नये, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्येच सांगितले आहे. त्याच वर्षी वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही संमत झाला. नंबर कशासाठी घेतला ते सांगणे आणि गिऱ्हाइकाची संमती असणे हा त्याचा गाभा. बिलासाठी दिलेल्या नंबरावर जाहिराती धाडणे मला विश्वासघातच वाटतो. ‘नवा माल आला की कळवू का?’ असे सरळ विचारा. ‘हो’ म्हणणारे थोडे असतील, पण तेच मेसेज उघडून वाचतील. ‘बंद करा’ म्हणणाऱ्याचे नाव लगेच यादीतून काढा.

प्रश्न (पुणे, किराणा सुपरमार्केट) : फळीवर इलेक्ट्रॉनिक किंमतपट्ट्या लावणे परवडेल का?

एका दुकानाला सहसा नाही. या पट्ट्यांत ई-इंक, म्हणजे छापील कागदासारखा दिसणारा पडदा, असतो. किंमत बदलतानाच वीज लागते, म्हणून बॅटरी वर्षानुवर्षे टिकते. अमेरिकेत वॉलमार्टने २०२४ मध्ये २,३०० दुकानांत त्या बसवण्याचे जाहीर केले. त्यांचे हजारो कागद बदलण्याचे श्रम वाचतात. आपल्याकडे पाकिटावर एमआरपी छापलेलीच असते. तुमचे भाव हलतात ते सुट्या डाळी-तांदळाचे, आणि त्यांना एक फळा पुरतो. तोच पैसा बारकोड स्कॅनर आणि साठ्याचा हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर घाला. फळीवरचा आणि बिलातला भाव जुळला पाहिजे, तिथे दोन रुपयांचा फरकही गिऱ्हाईक विसरत नाही.

प्रश्न (रत्नागिरी, आंबा व कोकणी मेवा) : जाहिरातीला बजेट नाही. सुरुवात कुठून करू?

गूगल मॅप्सवर दुकानाची नोंद करा, ती फुकट आहे. मराठी आणि इंग्रजी दोन्हीत नाव, खऱ्या वेळा, दर्शनी भागाचा दिवसाउजेडी काढलेला फोटो टाका. हंगामात वेळा बदलल्या की तिथेही बदला.