बेळगावात चष्म्याचा नंबर घालवायचं डोळ्यांचं लेसर करून त्याच दिवशी मोटारसायकलवरून निपाणीला परतता येईल का?

तुम्ही हे विचारलंय, शिवाय आत नेमकं काय करतात तेही. गाडी स्वतः चालवत तर अजिबात येऊ नका, आणि मागं बसूनही नको. हायवेची धूळ आणि वारा त्या दिवशी डोळ्यांना सोसत नाही. घरचं कुणीतरी सोबत घ्या. मी त्या रात्री टिळकवाडीत मावशीकडेच राहिले, कारण दुसऱ्या दिवशी तपासणीला पुन्हा जावंच लागतं.

लेन्स वापरत असाल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस आधी बंद करा. मऊ लेन्सला साधारण एक-दोन आठवडे. जाताना अत्तर, पावडर काही लावू नका. संमतिपत्र माझ्यासमोर आलं ते इंग्रजी आणि कानडीत. कानडी मला बोलता येतं, वाचता येत नाही. मी सिस्टरना मराठीत सांगायला लावलं, त्यांनीही एकेक मुद्दा शांतपणे समजावला. तुम्हीही विचारा, सही त्यानंतरच करा.

माझं फेम्टो लॅसिक होतं, म्हणजे बुबुळावरचा पापुद्राही पात्यानं नाही, लेसरनंच कापतात. इंजेक्शन नाही, डोळे बधिर करणारे थेंब घालतात. पापण्या मिटू नयेत म्हणून चिमटा लावतात, त्यामुळे मध्येच डोळा मिटला तर काय, ही काळजी नको. मग डोळ्यावर एक कडं दाबून बसवतात. दाब चांगलाच जाणवतो आणि काही सेकंद दिसायचंच बंद होतं. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. मी फार घाबरले, म्हणून मुद्दाम लिहिते: तो अंधार ठरलेलाच असतो, कडं सुटलं की उजेड परत येतो. तेवढ्यात बुबुळावर पातळ पापुद्रा कापून होतो. तो बाजूला उलटला की सगळं धूसर होतं, आणि लुकलुकणाऱ्या दिव्याकडे बघत राहायचं. "मेले नोडरी, वर बघा," डॉक्टर दोन्ही भाषांत सांगत होते. टकटक आवाज येतो, केस जळल्यासारखा वास येतो. जळत मात्र काही नसतं; १९३ नॅनोमीटरचा अतिनील किरण आसपासचा भाग फारसा न तापवता रेणूंचे बंध तोडतो, त्याचा तो वास. डोळा जरा हलला तर यंत्र त्याच्या मागोमाग सरकतं, फार हलला तर थांबतं. हे काम सेकंदांचंच. पापुद्रा परत बसवतात, टाके नाहीत. दोन्ही डोळे होऊन मी अर्ध्या तासात बाहेर होते.

त्रास होतो तो नंतरचे चार-पाच तास. बधिरपणा उतरला की कांदा चिरताना होतं त्याहून जास्त झोंबतं, पाणी थांबत नाही. थेंब घालून झोपून टाका. चोळायचं नाही म्हणजे नाहीच, पापुद्रा सरकू शकतो. म्हणून रात्री डोळ्यांवर प्लास्टिकचं कवच लावायला देतात. दुखणं वाढत गेलं किंवा दिसायचं कमी झालं तर सकाळची वाट बघू नका, लगेच फोन करा.

तुम्ही तंबाखूच्या वखारीत काम करता असं लिहिलंय. ती धूळ ताज्या डोळ्यांत जाता कामा नये, आणि लेसरनंतर काही महिने डोळे कोरडेही पडतात. तारीख ठरवायच्या आधीच डॉक्टरांना वखारीचं सांगा, आणि ते म्हणतील तेवढी रजा मालकाकडून मागून घ्या.